रिकामी पेटी

आज धानाच्या कोरड्या तणसाचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली.

वहिनी माहेरी कामठ्याला जाताना मला बजावून गेल्या होत्या, "भाऊजी, कापशी व्यायला झाली आहे. सोमवारी पिंजऱ्यात पिल्लांसाठी पेटी ठेवजा, तणीस भरून. विसरू नोका."

कापशी म्हणजे त्यांची पांढरी सशीण. सोमवारी मी पेटीत तणीस भरलं आणि उद्या ठेवू म्हणून ती ओसरीवरच सोडली. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच राहिली.

बुधवारी सकाळी पाहतो तर पिंजऱ्याच्या जाळीवर सात उघडी, गुलाबी पिल्लं गार पडलेली. एक तेवढं हलत होतं. ते मुठीत धरून मी ऊब देत राहिलो. तेवढ्यात फाटक वाजलं. वहिनी परतल्या होत्या. मी घाईनं पेटी पिंजऱ्यात सरकवली. पिल्लू मुठीतच निपचित झालं.

"काऊन जी, काय झालं?"

"पेटी होती, पण ही बाहेरच व्याली," मी म्हणालो.

वहिनींनी पिंजऱ्यातली पेटी पाहिली. मग म्हणाल्या, "आई होयाच्या लायकीची नाही हे. कापणाऱ्याले देऊन टाका."

तेव्हा मला फक्त बोलणी खायची भीती होती. कापशीला मीच उचलून टोपलीत ठेवलं. तिची छाती हाताला उघडी लागली. तिथले केस उपटून तिनं त्या तारांवरच पिल्लांसाठी अंथरूण करून पाहिलं होतं. जाळीला अजून पांढरे पुंजके अडकलेले होते.

वहिनींना दिसू नयेत म्हणून ते मी एकेक काढून खिशात घातले.