दारात पाय अडकवणारे

वारज्याच्या आमच्या सोसायटीची मी चार वर्षं सेक्रेटरी आहे. पाणी, पार्किंग, कुत्री या तक्रारी फायलीत जातात. पण कुणी "अहो, आज आमच्याकडे एक माणूस आला होता..." अशी सुरुवात केली, की ते फायलीत मावत नाही. हे किस्से डोक्यातच साठतात, स्वयंपाकघरातल्या पिशव्यांच्या पिशवीसारखे. एक ओढावी तर चार बाहेर येतात!

*

पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींकडे गळ्यात आयकार्ड अडकवलेला एक गृहस्थ आला. "गॅसची सरकारी तपासणी." थेट ओट्यापाशी! शेगडीची रबरी नळी बघून तो म्हणाला, "ही आज बदलली नाही आणि स्फोट झाला, तर जबाबदारी तुमची." घरात नातवंडं खेळत होती. वहिनींनी घाबरून नळी घेतली, वर आणखी दोन वस्तू घेतल्या. जुनी नळी सहा महिन्यांपूर्वीच बदललेली होती.

दुसऱ्या दिवशी तोच माझ्या दारात! मी विचारलं, "कोणत्या खात्याकडून आलात?"

"वरून आलोय, मॅडम."

"आमच्या वर फक्त गच्ची आहे!"

दार लावायला लागले तर पठ्ठ्याने फटीत बूट घातला. मी मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला, तेव्हा कुठे बूट निघाला.

*

देशपांडे काका-काकूंना फोन आला. "अभिनंदन! तुम्हाला फ्री डिनर लागलंय. दोघांनी जोडीने यायचं हं!" गेले बिचारे. हॉलमध्ये कानठळ्या बसवणारं संगीत आणि टेबलापाशी तीन जण. हॉलिडे मेंबरशिप घ्या, ऑफर आजच्यापुरतीच! चार तास उठू दिलं नाही. डिनर म्हणजे एकेक समोसा.

काका म्हणाले, "मुलाला विचारून सांगतो."

त्यावर टाय लावलेला म्हणाला, "सर, या वयात मुलाला विचारावं लागतं?"

काकांनी सही केली. त्या एका वाक्यासाठी केली. मला हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही दोघांनी बसून ग्राहक तक्रार लिहिली. ती अजून चालू आहे. कंपनीचा फोन मात्र दर वेळी सांगतो, "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

*

साठेकाकांच्या पत्नी गेल्या, त्याला महिना झाला होता. मी त्यांच्याकडे बसले असताना काकूंच्या मोबाइलवर विमावाल्या मुलीचा फोन आला. "मॅडमशी बोलायचंय."

"ती गेली," काका म्हणाले.

"परत कधी येतील, सर?"

काका शांतपणे म्हणाले, "आली तर कळवतो."

आठ दिवसांनी पुन्हा फोन. "सर, मॅडम आल्या का?"

काकांनी बायकोच्या नावाचा तो नंबर बंद करून टाकला. खरं तर त्यांना तो ठेवायचा होता.

*

मग मी मीटिंग घेतली आणि फाटकावर पाटी लावली. "विक्रेत्यांना प्रवेश नाही. 'पाचच मिनिटं' असतील तर ती रस्त्यावर घालवावीत." सदस्याला इंटरकॉमवर विचारल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियमही केला.

चौथ्या दिवशी एक जण वॉचमनला सांगून आत आला, "सेक्रेटरींनी बोलावलंय." आला तो माझ्याच दारी!

"मॅडम, तुमची पाटी फार साधी आहे. ॲक्रिलिकची करून देऊ?"

*

तिसऱ्या मजल्यावर नलूताई एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. एका दुपारी त्यांचा फोन आला, "जरा खाली ये गं. एक जण उठत नाहीये."

मी भांडायच्या तयारीनेच गेले. सोफ्यावर पस्तिशीचा, घामाघूम झालेला माणूस बसला होता. समोर पेल्यात तपकिरी पाणी. त्यात कसल्याशा औषधाचे थेंब टाकून तो दोन तास सांगत होता, "काकू, हे विष तुम्ही रोज पिताय!" त्याला वॉटर प्युरिफायर विकायचा होता.

नलूताईंनी मला हातानेच बस म्हटलं. मग त्याला म्हणाल्या, "सही करते. पण बारीक अक्षर मला दिसत नाही. करार सगळा मोठ्याने वाच."

तो भराभरा वाचू लागला.

"सावकाश. स्वल्पविरामाला थांबायचं."

तो थांबत वाचू लागला. "ग्राहकास, कोणत्याही कारणास्तव, रक्कम परत मिळणार नाही."

"पुन्हा."

त्याने पुन्हा वाचलं. पुढे दुरुस्तीचं कलम आलं. मग त्यापुढचं, मशीन बंद पडलं तरी हप्ते चालू राहतील असं सांगणारं. तिथे त्याचं बोट ओळीवरच राहिलं.

"काय झालं? शब्द कठीण आहे?"

"नाही, काकू." त्याने पेनाला टोपण लावलं. "मी हे पूर्ण कधी वाचलंच नव्हतं."

कागद घडी करून तो उठला. दारात चपला घालताना, आमच्याकडे न बघता म्हणाला, "पहिलं मशीन मी माझ्या आईला विकलं."