दहा फूट वायर

बारामतीच्या एसटी स्टँडजवळच्या बोळात मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपल्या मनाच्या मोठेपणाने. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवरूनच बोलायचं. आज सकाळी मी त्या पायरीवर उभी होते. माझा फोन बादलीत पडून चार दिवस झाले होते. दुरुस्तीवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, सोल्डरिंगचं तापलेलं टोक राळेत बुडवलं आणि एक बारीकशी निळी धुराची रेघ वर उठली. तो वास नाकात गेला आणि मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. राळ जळल्याचा वास. थोडा गोड, थोडा घशाला खवखवणारा. एके काळी माझ्या स्वयंपाकघरातल्या फोडणीत, उशीच्या अभ्र्यात, माझ्या केसांतसुद्धा तो वास मुरलेला होता.

वास धाकट्या भावाची आठवण घेऊन आला, आणि आज नेमकी तीच आठवण मला नको होती. गेल्या आठवड्यात मी त्याला एक गोष्ट सांगून बसले होते. वर्षानुवर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. ती ऐकून तो निरोपसुद्धा न घेता पुण्याला निघून गेला. एरवी दिवसाआड फोन करणारा माणूस. त्यानंतर चार दिवस त्याचा फोन नाही, आणि मग माझाच फोन बादलीत. यजमानांच्या फोनवरून करता आला असता. पण मीही त्याचीच बहीण. त्यामुळे दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर नुसता फोन उघडा पडलेला नव्हता, माझा जीव तिथे टांगलेला होता.

आता लोक माझ्या भावाला गुंतवणूकदार म्हणतात. पुण्यात काचेचं ऑफिस आहे, नव्या पोरापोरींच्या कंपन्यांना तो भांडवल देतो, वर्तमानपत्रात हाताची घडी घातलेला फोटो येतो. हाताची घडी घालायला त्याला कुणी शिकवलं कोण जाणे, आमच्या वरकुट्याच्या शाळेत तर मास्तर ओरडले तरी त्याचे हात स्थिर राहत नसत. मला आठवतो तो पुण्याची नोकरी सोडून, एक पत्र्याची पेटी आणि दोन शर्ट घेऊन माझ्या बारामतीच्या घरी आलेला इंजिनिअर. मागच्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी त्याने टेबल मांडलं. पंपाची मोटर आपोआप बंद करणारी एक पेटी त्याला बनवायची होती. जमिनीत एक सळई रोवायची, माती भिजली की सळई पेटीला कळवणार, पेटी मोटर बंद करणार आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवणार. शिवणकामामुळे माझी बोटं बारीक कामाला सरावलेली, म्हणून जोडकाम माझ्याकडे आलं. दुपारची भांडी आवरली की मी राळ आणि कथील घेऊन बसायचे. मला त्या सर्किटातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टाका मात्र एकही कच्चा राहिला नाही.

इथे थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, दोनच मुलं. मी थोरली. उसाला पाणी द्यायचं म्हणजे दारं धरावी लागतात. फावडं घेऊन सरीच्या, म्हणजे उसाच्या ओळींमधल्या चराच्या, तोंडाशी उभं राहायचं, सरी भरली की मातीने तिचं तोंड बंद करायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. घरात दारं धरायची मी. भाऊ पायात चप्पल घालून मळ्याकडे आला तरी आबा ओरडायचे, "तू मागं फिर. पुस्तक घे. चिखलात यायचं तुजं काम न्हाय." त्यांचा त्यामागचा जीव मला कळत होता. पोरगा शिकावा, ऑफिसात बसावा. मी सातवीनंतर घरीच होते, त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही, मीही नाही. राग यायचा का? यायचा. फावडं जरा जोरात आपटायचे, एवढंच. आमच्या भागात कितीतरी घरांत असंच झालं. ज्या मुलाने शेतीची यंत्रं करायची, त्यालाच आम्ही शेतापासून लांब ठेवलं, आणि ते मोठ्या कौतुकाने ठेवलं.

पहिली पेटी बसली ती अंथुर्ण्याला, आबांच्या मित्राच्या मळ्यात. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे बेण्याचा ऊस असायचा, म्हणजे पुढच्या लागणीसाठी राखलेला. दहा-बाराच सऱ्या, पण लांबच लांब. तात्यांचं बेणं म्हटलं की शिवारात कुणी कांडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, तपासून बघत नसे. तात्यांचा शब्द पुरे होता. त्या उन्हाळ्यात तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी महिनाभर रानात पाय ठेवायचा नाही असं बजावलं. मुलगा नोकरीला लांब. तेव्हा माझ्या भावाने त्यांना पेटी दाखवली. तात्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "तुज्या आबाचा पोरगा हायस, म्हून ठिवतो. बेण्याला पानी कमी पडू द्यू नगंस. तिघांना सबुद दिलाय म्या."

पेटी बसवायच्या आदल्या दिवशी दुपारी भावाने मला सळईची वायर जोडायला सांगितली. मी विचारलं, "किती लांब ठेवू?"

"दहा फूट बास. पेटी विहिरीवरच आहे, सरीचं तोंड जवळच."

मी मोजून दहा फूट कापली. कापताना माझ्या हाताला कळलं होतं. सरीच्या तोंडाशी माती सगळ्यांत आधी भिजते. तिथे भिजलं म्हणून मोटर बंद केली तर पाणी अर्ध्या सरीतच दम सोडणार. आबा मला काही शिकवायचे नाहीत, फक्त लांबून विचारायचे, "शेवटाला पोचलं का?" पोचलं असं म्हणायला शेवटापर्यंत चालत जावं लागायचं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. वाटलं, तो इंजिनिअर, त्याच्या यंत्राला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. हे निम्मं खरं आहे. निम्मं असं, की मनात कुठेतरी आलं, बघू दे ह्याचं ह्यालाच. ते फावडं आपटणं अजून संपलं नव्हतं बहुतेक.

महिनाभर तात्या इंदापूरला लेकीकडे डोळ्याला हिरवं फडकं बांधून बसले. पाण्याची पाळी आली की शेजारचा पोरगा सऱ्यांची तोंडं उघडून मोटर चालू करून जायचा, आणि थोड्या वेळाने फोनवर मेसेज यायचा, पाणी पूर्ण. नातीकडून ते वाचून घेत आणि येईल त्याला सांगत, "बसल्या जागी ऊस भिजतुया माजा." फडकं सुटलं त्या दिवशी ते थेट मळ्यात गेले. विहिरीकडचा ऊस हिरवागार होता. पलीकडे शेवटाला पाचट वाळून उभं होतं, कांडी मोडली तर आत कोरडी, एकही डोळा फुटण्याजोगा नाही. निम्म्याहून जास्त बेणं गेलं होतं.

आम्ही दोघं मोटरसायकलवरून गेलो. तात्या बांधावर बसलेले. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्या घरी दारं कोन धरत हुतं रं?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "ताई."

"मग हिला का न्हाय इचारलंस?"

भाऊ वाळलेली कांडी हातात फिरवत राहिला. वायर कापताना मला ठाऊक होतं, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. तात्यांनी एकदा माझ्याकडेही बघितलं, नव्या डोळ्यांनी, आणि मला वाटलं ह्यांना सगळं दिसतंय. त्यांनी फावडं उचलून भावाच्या हातात दिलं. "परवा पाळी हाय. उरल्यालं तरी भिजव. सवता."

त्याआधी भाऊ त्या तिन्ही घरी गेला, ज्यांना तात्यांनी बेण्याचा शब्द दिला होता. चूक तात्यांची नाही, माझी आहे, असं उंबऱ्यात उभा राहून सांगून आला. एका घरी पाणीसुद्धा विचारलं नाही. पाळीच्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा दारं धरली, मी बांधावरून सांगत होते. बावरला, घसरला, एक सरी फोडून पाणी शेजारच्या रानात घालवलं. संध्याकाळी हातांना फोड आले होते. पण नंतर त्याने सळई सरीच्या शेवटाला नेली आणि ती पेटी पुढे गावोगाव गेली. कारखाना निघाला, माणसं लागली, मग एका बड्या कंपनीने सगळंच विकत घेतलं. तात्यांनी त्यांची पेटी शेवटपर्यंत काढली नाही. आता त्या मळ्यात ठिबक आहे आणि तात्या नाहीत.

भावाची एक सवय मात्र त्याच्या काचेच्या ऑफिसात सगळ्यांना विचित्र वाटते म्हणे. नवी मुलं भांडवल मागायला आली की तो त्यांचं यंत्र बघायच्या आधी विचारतो, हे काम तुमच्या घरी कोण करायचं? आणि मग त्या माणसाला भेटायला निघतो. गेल्या आठवड्यात अशीच एक जोडी घेऊन तो माझ्याकडे जेवायला आला होता. डाळिंबाच्या बागेतला रोग ओळखणारं काहीतरी त्यांनी केलेलं. मुलगा फाडफाड बोलत होता. मुलगी, त्याची चुलत बहीण, माझ्यासारखीच भाकरीकडे बघत गप्प. भावाने जेवण थांबवून तिला विचारलं, "तू सांग. बागेत तू असतेस ना?"

ती घुटमळली. मग म्हणाली, "पानाच्या वरनं फोटो काढतोय आमी. डाग आधी खालनं येतो. मी म्हनलं न्हाय, कारन ह्यो शिकल्याला."

मुलाच्या हातातला घास तसाच राहिला. भाऊ मात्र असा हसला की मला त्याचं लहानपणीचं तोंड दिसलं. आणि त्या हसण्याने माझं काय झालं कोण जाणे. ती दोघं हात धुवायला गेली तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. वायर कापताना मला माहीत होतं. तात्यांचं बेणं मीही वाळवलं.

त्याने ताट बाजूला सारलं. "मग बोलली का नाहीस?"

"तू किती लांब एवढंच सांगितलंस. पुरेल का, असं विचारलं नाहीस."

उत्तर खरं होतं आणि तरी देताना मला लाज वाटली. तात्यांची ती तीन घरं काही माझ्या भावाच्या गर्वामुळेच तोंड फिरवून बसली नव्हती. तो उठला, हात धुतले, त्या दोघांना घेऊन निघून गेला. दारातून नेहमीसारखं "येतो गं ताई" म्हणाला नाही.

दुरुस्तीवाल्याने फोन मिटवला, बटण दाबलं. पडदा उजळला आणि चार दिवसांचं साठलेलं सगळं एकदम किणकिणायला लागलं. त्यात भावाचे सहा फोन येऊन गेल्याचे मेसेज होते. मी पायरीवरच बसले आणि त्याला फोन लावला.

"कुठं होतीस? सहा वेळा केला मी." आवाजात राग होता, पण तो फोन न उचलल्याचा. मग जरा थांबून म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं. ऊस डोक्याइतका वाढला की सरीचा शेवट तोंडाकडून दिसत नाही. मग पाणी पोचलं हे तुला कसं कळायचं? दरवेळी चालत जायचीस?"

माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आबांनी नाही, तात्यांनी नाही. समोर दुरुस्तीवाला पैशासाठी ताटकळत होता, पिशवीतली मेथी उन्हाने माना टाकत होती. मी पदराने डोळे पुसले आणि म्हणाले, "बगळे बघायचे. पाण्याच्या पुढं किडे पळतात, त्यांच्यामागं बगळे चालतात. शेवटच्या बांधावर बगळा उडून बसला की समजायचं, पोचलं."

पलीकडे कागदाची सळसळ ऐकू आली. तो लिहून घेत होता.

"थांब," तो म्हणाला, "सावकाश सांग."

मी सावकाश सांगायला लागले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.