प्लग उपटणारा माणूस

एरवी तो मोटारपंप दुरुस्त करतो. बोलतो कमी, आणि बोललाच तर समोरच्या यंत्राकडे पाहून. आमच्या राळेगावच्या वाचनालयातल्या जुन्या राउटरमध्ये त्याने एक फुकट मिळणारी छोटी प्रणाली टाकली आणि पुस्तकांनी भरलेला पेनड्राइव्ह जोडला. इंटरनेट नसलं तरी वाचनालयात बसून मोबाइलवर पुस्तकं उघडू लागली.

उद्घाटनाला पाहुणे आले. त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं, टाळ्या वाजल्या आणि याने राउटरचा प्लगच उपटला.

"अहो, हे काय?" वाचनालय सांभाळणारा मी चिडलो.

"लाइन त रोजच जाते ना सर. आताच पाहून घेऊ."

प्लग परत लावला. दिवा लागला, पुस्तकं मात्र गायब. राउटर पुन्हा सुरू झाला की पेनड्राइव्ह आपोआप जोडला जावा, एवढं त्या प्रणालीला सांगायचं राहून गेलं होतं.

"माह्यंच चुकलं," भर सभेत तो राउटरला म्हणाला. लॅपटॉपवर दोन ओळी लिहून त्याने पुन्हा प्लग उपटला, लावला, पुन्हा उपटला. दर वेळी पुस्तकं परत आली, तेव्हा कुठे त्याने गार झालेला चहा उचलला. पाहुणे केव्हाच निघून गेले होते.

उद्घाटनाच्या फलकावर नाव पाहुण्यांचं आहे. लाइन अजूनही रोज जाते. ती आली की वाचणारे मला हाक न मारता पुढचं पान उघडतात.