जालना नाही तर अकोला

धम्मशीला इंगळेचा आवाज मोठा नव्हता. बीबी गावच्या विहारात बायका वंदना म्हणत तेव्हा त्यात तिचा आवाज वेगळा ओळखू येत नसे. पण ती एकटी गायला लागली की आपापसात बोलत बसलेली माणसं गप्प व्हायची. लग्न होऊन ती बीबीला आली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, आणि नवरा प्रसेनजित ढोलकी वाजवायचा म्हणून त्याच्यासोबत कार्यक्रमांना जाऊ लागली. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, कधी तिकडे मंठ्यापर्यंत. जयंतीच्या महिन्यात तर त्यांच्या घराला कुलूपच असायचं.

गाणी लिहून द्यायचे साखरखेर्ड्याचे इंद्रभान शाहीर. शाहीर गवंडीकाम करत. भिंत चढवताना मनात ओळी जुळवत आणि घरी आले की कागदावर उतरवत. चारजणांनी लिहिलं तेच पुन्हा लिहायचा त्यांना कंटाळा होता. बाबासाहेबांवरचं गाणं असलं तरी त्यात शाहिरांच्या गल्लीतली एखादी बाई असायची, एखादी शाळा असायची.

तेव्हा या भागात गाण्यांच्या दोन कंपन्या होत्या. एक जालन्याची, भगवानरावांची. दुसरी अकोल्याची. दोन्ही लहान, आणि दोन्हींचं एकमेकींशी वाकडं. जयंतीआधी कोणाची कॅसेट बाजारात येते, कोणाची गाणी मिरवणुकीत जास्त वाजतात, यावरून त्यांची वर्षभर चढाओढ चाले. अकोल्याने चिखलीचा एक गायक गाजवला, तेव्हा भगवानराव नवा आवाज शोधत गावोगाव हिंडले. देऊळगाव राजाच्या एका कार्यक्रमात ते मागच्या रांगेत येऊन बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी धम्मशीलाला जालन्याला बोलावलं.

दोन कॅसेट बऱ्या चालल्या. मग शाहिरांनी ‘पेटी’ लिहिलं. एक आई आपल्या लेकीला वसतिगृहात सोडायला चालत निघाली आहे आणि लेकीची पत्र्याची पेटी तिच्या डोक्यावर आहे, एवढंच ते गाणं.

*माय चालते पुढं, डोईवर पेटी लेकीची,*
*मले नाही आलं अक्षर, तुले येऊ दे बाई.*

भगवानरावांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. गाणं लांब आहे, ठेका नाही, मिरवणुकीत कोण वाजवणार, असं त्यांचं म्हणणं. धम्मशीलाने वाद घातला नाही. पुढच्याच आठवड्यात ती आणि प्रसेनजित अकोल्याला गेले. अकोल्याच्या मालकाला गाणं फार कळलं होतं असं नाही, पण जालन्याची गायिका आपल्या दारात आली याचाच त्याला आनंद झाला. त्याने ते जसंच्या तसं घेतलं.

त्या उन्हाळ्यात ‘पेटी’ लग्नाच्या मांडवांत वाजलं, टेम्पोंत वाजलं, पिठाच्या गिरण्यांत वाजलं. पुढच्या वर्षी भगवानराव बीबीला घरी आले. बाजेवर बसून चहा घेतला आणि म्हणाले, “बाई, माझा अंदाज चुकला. आता तुम्ही आणाल ते गाणं. मी कात्री लावणार नाही.” त्यांनी शब्द पाळला. पुढची बरीच वर्षं धम्मशीला कधी जालन्यात गायली, कधी अकोल्यात. एकाने तोंड वाकडं केलं की दुसऱ्याकडे जायचं. शाहीरही त्यामुळे मोकळ्या हाताने लिहीत. तिची सगळ्यात चांगली गाणी त्याच वर्षांतली.

कॅसेटची सीडी झाली, सीडी गेली, मोबाईलच्या दुकानांत कार्डावर गाणी भरून मिळू लागली. दोन्ही कंपन्या दमल्या. मग मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने आधी अकोल्याची विकत घेतली आणि त्याच वर्षी जालन्याची. भगवानरावांनी स्वतः फोन करून सांगितलं. मुलांना या धंद्यात रस नव्हता, त्यामुळे ते सुटल्यासारखे बोलत होते. तुमची गाणी आता जगभर ऐकतील, म्हणाले. धम्मशीलालाही ते खरं वाटलं. तिने साखरखेर्ड्याला शाहिरांकडे पेढे नेले.

नव्या कंपनीतून अनुपमा नावाच्या बाईंचा फोन येऊ लागला. बोलायला फार चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं की गाणं आता तीन मिनिटांच्या आत हवं, पहिल्या काही सेकंदांतच लोकांनी धरलं पाहिजे, नाहीतर ते पुढच्या गाण्यावर जातात. संगीत मुंबईतच तयार होईल, ताईंनी फक्त आवाज द्यायचा. शब्दही तिकडूनच येतील. धम्मशीला औरंगाबादच्या एका स्टुडिओत जाऊन गाऊन आली. कानावर लावलेल्या यंत्रात ठेका आधीच भरलेला होता, त्यामुळे प्रसेनजित बाहेर बाकड्यावर बसून राहिला. तिने एका ठिकाणी सवयीने ‘मले’ म्हटलं, ते तिच्याकडून ‘मला’ असं पुन्हा गाऊन घेतलं. गाणं लाखो लोकांनी ऐकलं असं नंतर कळलं. ते कोणतं, हे बीबीत कुणाला सांगता आलं नाही, कारण तसलीच दहा गाणी एकदम आली होती.

शाहिरांची नवी गाणी तिने अनुपमाबाईंना पाठवून पाहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

तेव्हा प्रसेनजित म्हणाला की आपण आपलं चॅनल काढू. साखरखेर्ड्याच्या कार्यक्रमात तिने ‘पेटी’ गायलं, त्याने मोबाईलवर घेतलं आणि टाकलं. दुसऱ्या दिवशी ते दिसेनासं झालं. गाण्याचे हक्क कंपनीकडे आहेत अशी सूचना आली होती. धम्मशीलाला वाटलं काहीतरी घोळ झाला असेल. तिने अनुपमाबाईंना फोन लावला.

“ताई, हे कुणी मुद्दाम नाही केलं. यंत्रणा आपोआप काढून टाकते,” त्या म्हणाल्या. “गाणं आता आमच्या संग्रहात आहे ना. तुम्ही अकोल्याच्या कंपनीला सही करून दिलं होतं.”

“मीच गायलं हो मॅडम ते. आताही मीच गाऊन राह्यले.”

“समजतंय मला ताई. पण यात माझ्या हातात काही नाही.”

त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. त्यामुळे भांडायलाही समोर कोणी उरलं नाही.

त्याच वर्षी जयंतीला बीबीच्या मिरवणुकीत डीजेवर ‘पेटी पेटी’ असं काहीतरी वाजू लागलं. चाल ओळखीची होती, आवाज कुण्या दुसऱ्याच मुलीचा; कंपनीने ते नव्याने करून घेतलं होतं. पेटी उरली होती. आई, लेक, वसतिगृह सगळं गेलं होतं. पोरं-पोरी घामाघूम होऊन नाचत होती. शेजारच्या डिंपलने धावत येऊन सांगितलं, “मावशी, तुमचं गाणं लावलं.” पोर इतकी खुश होती की धम्मशीला तिला फक्त हो म्हणाली. थोडा वेळ ती कडेला उभी राहिली, मग पाय दुखायला लागले म्हणून घरी आली.

काही दिवसांनी ती दोघं शाहिरांकडे गेली. शाहिरांनी ते डीजेचं गाणं ऐकलं होतं, पण विषय काढला नाही. जेवणं झाल्यावर धम्मशीलाने विचारलं की काका, नवीन काही लिहिलं का. ते गुडघा चोळत होते.

“नाही लिहिलं,” ते म्हणाले. “आधी भगवानराव नाही म्हणायचा तर मले रागच यायचा. मग त्या रागात अकोल्यावाल्यासाठी मी आणखी जोर लावायचो. त्याले आवडलं की भगवानरावाचं तोंड पाहाले मजा यायची. आता तिकडं जो बसला आहे, त्याले आपण माहीतच नाही. तो नाहीबी म्हणत नाही. लिहू तर कोणाच्या जोरावर लिहू, शीला?”

धम्मशीला म्हणाली, “माह्यासाठी लिहा.”

“तुह्यासाठी लिहीन,” शाहीर म्हणाले. पण ते तिचं मन राखायला म्हणाले, हे तिला कळलं. काळीपिवळी जीपमध्ये बसल्यावर प्रसेनजितने तेच बोलून दाखवलं, आणि मग घर येईपर्यंत दोघंही झोपून गेली.

थंडीच्या दिवसांत अनुपमाबाईंचा पुन्हा फोन आला. पुढच्या जयंतीची गाणी भरायची होती, शब्द आणि ठेका तयार होता. धम्मशीला अंगणवाडीत खिचडी वाढत होती. फोन खांद्याशी धरून तिने सांगितलं की आता नको मॅडम, गळा साथ देत नाही. गळा ठीक होता. अनुपमाबाईंनी तब्येतीची विचारपूस केली, आग्रह केला नाही. हरकत नाही ताई, आम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, म्हणाल्या.

आपण नाही म्हटल्यावर तिथे कुणाचंच काही अडलं नाही, हे धम्मशीलाला त्या एका वाक्यात समजलं. तिने फोन खिडकीत ठेवला. पोरं ताटल्या पुढे करून बसली होती, त्यांना ती वाढू लागली.