एंगेज टोनचे मानकरी

“म्हंजे माझा फोन मी स्वतः उचलायचा?”

सरपंच आबासाहेबांनी हे इतक्या अविश्वासानं विचारलं, की मी त्यांना पंगतीत स्वतःचं ताट विसळायला सांगितलंय असं कुणालाही वाटलं असतं.

“हो,” मी म्हणालो.

“मग ती सुविधा दिली कशाला?”

प्रश्न चुकीचा नव्हता. सुविधा आम्हीच दिली होती, हार-तुऱ्यांसकट.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होतो. पाथर्डी तालुक्यात, तिसगावहून आत गेल्यावर एक गाव लागतं, तिथलं छोटं एक्स्चेंज माझ्याकडे होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथे आता घरोघरी मोबाईल आहेत आणि त्यातला एखादा मला लागेल.

आधी तिथे हाताचा बोर्ड होता. फोन उचलला की ऑपरेटर विचारायचा, “कोण पाहिजे?” आणि पाहिजे तो माणूस तिसगावच्या बाजाराला गेला असेल तर तेही सांगायचा. ही सोय मी नंतर कुठल्याही नव्या यंत्रात पाहिली नाही. मग बोर्ड जाऊन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. लोखंडी कपाटाएवढं यंत्र, आत सर्किटची कार्डं आणि त्यांच्यासाठी एसी. गावात एसी असलेली ती पहिली खोली, त्यामुळे उद्घाटनाला गर्दी भरपूर झाली. नारळ कपाटावर फोडू नका, एवढी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. गुलालाबद्दल बोलायचं राहिलं. पुढे कितीतरी दिवस मी कार्डांवरून गुलाल झटकत होतो.

आमचे इंजिनिअर साहेब नगरहून आले होते. त्यांनी भाषणात नव्या सुविधा समजावून सांगितल्या. एक होती एसटीडी लॉक. म्हणजे आपण गुप्त आकडा ठरवायचा, तो दाबल्याशिवाय बाहेरगावी फोन लागत नाही. आबासाहेबांनी तिथल्या तिथे माईक मागून घेतला आणि आपला गुप्त आकडा जाहीर केला. टाळ्या पडल्या. दुसरी सुविधा अलार्मची. पहाटे यंत्रच फोन वाजवून आपल्याला उठवतं. यावर गाव हसलं, कारण पहाटे न उठणारा माणूस त्या गावात मी एकटाच होतो.

तिसरी सुविधा कॉल ट्रान्सफर. आपल्या फोनवरून एक कोड फिरवायचा, पुढे दुसऱ्याचा नंबर फिरवायचा, की आपल्याला येणारे सगळे फोन आपल्याकडे न वाजता त्या दुसऱ्याकडे वाजतात. आपण घरी नसताना शेजाऱ्यानं निरोप घ्यावा, म्हणून ही सोय. पण साहेबांना शेजारी सुचला नाही. ते म्हणाले, “आता बघा, मोठा माणूस कधी स्वतः फोन उचलतो का? त्याचा फोन पी.ए.कडे जातो. आता तुमचाही जाईल!”

समोरच्या ओळीत तीन खुर्च्यांवर तीन मोठी माणसं बसली होती. तिघांनीही मान हलवली.

त्यानंतर काही आठवडे गाव एकदम शांत होतं. तक्रार नाही. टेलिफोन खात्यात तक्रार नसणं हे वाईट लक्षण असतं. पण मी ते यंत्राचं यश धरलं आणि एसीत बसून वर्तमानपत्र वाचत राहिलो.

मग एका मंगळवारी सकाळी शैला आली. बुद्धविहाराच्या मागे तिचं घर. बारावी झालेली, बोलायला पहिल्यापासून खमकी.

“सर, तुमचं मशीन चालू झाल्यापासून आबासाहेबांच्या फोनवर एक बी फोन आलेला न्हाई.”

“कुणी केला नसेल.”

“माझा मामा नगरवरून काल दिवसभर लावतोय. कायम एंगेज. शेवटी एसटीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी धाडली त्यानं.”

तिचं काम असं होतं. नगरच्या सरकारी नर्सिंग स्कूलच्या प्रतीक्षा यादीत तिचं नाव होतं. सोमवार-मंगळवारी, जागा रिकामी झाली तर शाळा फोन करणार होती. फोन लागला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. शैलाच्या घरी फोन नव्हता. म्हणून तिनं अर्जावर आबासाहेबांचा नंबर दिला होता आणि पुढे पी.पी. लिहिलं होतं. तरुण वाचकांना सांगतो, पी.पी. म्हणजे फोन दुसऱ्याचा, पण आम्हाला हाक मारा. अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिकांवर तेव्हा दुसऱ्याचेच नंबर असायचे.

“तूच शाळेला फोन करून विचार ना,” मी म्हणालो.

“केला. क्लार्क म्हनला, आमचा फोन येईल तेव्हा कळंल. अन् ठेवून दिला. माझं नशीब नगरला तयार असंल सर, पर त्याला बी एंगेजच लागत असंल.”

मी आबासाहेबांचा नंबर लावून पाहिला. एंगेज. पण यंत्रावर त्यांची लाईन मोकळी दिसत होती. म्हणजे कुणी बोलत नव्हतं आणि तरी फोन एंगेज होता. मी कुणी काय सुविधा घेतल्यात ते तपासलं, आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

आबासाहेबांनी आपला फोन सोसायटीच्या चेअरमनकडे, दादासाहेबांकडे वळवला होता. दादासाहेबांनी आपला फोन हायस्कूलच्या सेक्रेटरींकडे, अण्णासाहेबांकडे. आणि अण्णासाहेबांनी आपला फोन आबासाहेबांकडे. फोन आबांकडे आला की दादांकडे जायचा, तिथून अण्णांकडे, तिथून परत आबांकडे. यंत्र बिचारं थोडं फिरून बघायचं आणि शेवटी एंगेज टोन द्यायचं. गाव मात्र समजत होतं, की मोठ्या माणसांना बोलण्यातून उसंत नाही. तिघांचा मान उलट वाढला होता.

मी एक्स्चेंजमधून हे रद्द करू शकत होतो. पण मी आधी साहेबांना फोन केला.

“कुणाकुणाचे नंबर?” साहेबांनी विचारलं. मी सांगितलं.

“यंत्राला हात लावू नकोस. त्यांना विनंती कर.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर पुन्हा विनंती कर. तुला अकोल्याच्या बदलीची हौस आहे का? अकोले तालुक्यातला पाऊस बघितलायस?”

म्हणून मी आबासाहेबांच्या ओट्यावर होतो.

“आबासाहेब, तुम्ही कोड फिरवून ट्रान्सफर काढलं की झालं. शैलाचा फोन यायचाय.”

“पोरीचं भलं व्हावं, माझं काय जातंय! पन मला सांगा, मी काढलं, तर त्या दोघांचे फोन कुठं वाजतील?”

मी मनात चक्र फिरवून पाहिलं. दादांचा फोन अण्णांकडे, अण्णांचा आबांकडे, आणि आबांनी पुढचं दार बंद केलेलं. “तुमच्याकडे,” मी कबूल केलं.

“म्हंजे मी त्यांचा पी.ए.! चेअरमन माझ्या पॅनेलमधून निवडून आला, म्हनून मी त्याच्याकडं फोन वळवला. मी त्याचे निरोप घ्यायचे? त्याला म्हना, आधी तू काढ.”

दादासाहेब सोसायटीच्या गोदामात युरियाच्या गोण्यांवर बसले होते.

“मी काढू?” ते म्हणाले. “अहो, सेक्रेटरीची शाळा सोसायटीच्या जागेवर हुभी हाय. त्यानं माझा फोन घेतला तर काय बिघडलं? आन् मी काढला, तर सरपंचाच्या बायकोच्या माहेरचे फोन मी घ्यायचे व्हय? आधी अन्ना काढतील.”

अण्णासाहेब शुद्ध बोलत. “सरपंच माझा विद्यार्थी,” ते म्हणाले. “तिमाहीला तीन विषयांत नापास होता. शिष्यानं गुरूचा निरोप घ्यावा यात अपमान कोणाचा? मी रद्द केलं तर जनमानसात वेगळा संदेश जाईल.”

जनमानसात कुठलाही संदेश जाण्यासाठी फोन लागावा लागतो, हे मी म्हणालो नाही. अकोल्याचा पाऊस डोळ्यांपुढे होता.

परत आलो तर शैला एक्स्चेंजच्या पायरीवर बसून होती.

“काय म्हनले?”

“तिघंही म्हणाले, आधी दुसऱ्यानं काढावं.”

“मला वाटलंच. सर, ह्या तिघांनी आजवर एकदाच घाई केलेली मी बघितलीय. मंत्र्याच्या गाडीचं दार उघडायला.”

मी पुन्हा सायकल काढली.

आबासाहेबांना मी म्हणालो, “ट्रान्सफर राहू द्या. फक्त एक कानावर घालतो. आज जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक सरकारी फोन येण्याचा संभव आहे.”

आबासाहेब सरळ बसले. “कुनाचा?”

“ते मला कसं कळणार?”

“कशाबद्दल?”

“निवडीबद्दल आहे म्हणतात.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. तोच मी दादासाहेबांना आणि अण्णासाहेबांनाही ऐकवला. दादासाहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, “माझा फोन अन्नाकडं वाजतो. म्हंजे ते बोलनं अन्ना घेनार?” मी म्हणालो, यंत्र तसंच आहे. अण्णासाहेबांनी चष्मा पुसून लावला आणि कोड पुन्हा एकदा सावकाश सांगाल का, म्हणाले.

मी एक्स्चेंजला पोचेपर्यंत तिन्ही ट्रान्सफर निघाले होते. आबासाहेबांनी काय केलं ते त्यांच्या घरच्यांकडून नंतर कळलं. त्यांनी लग्नातला कोट घातला. एक मुलगा हार आणायला धाडला, दुसरा पेढे आणायला. गड्याला पंचायतीतली चांगली खुर्ची आणायला पिटाळलं. बायकांना माजघरातून आवाज करू नका म्हणून बजावलं. आणि स्वतः फोनवर हात ठेवून बसले.

दुपार कलताना फोन वाजला. पहिली घंटी पुरती वाजलीही नसेल.

“सरपंच आबासाहेब स्वतः बोलतोय! बोला साहेब!”

“नर्सिंग स्कूल,” पलीकडचा माणूस म्हणाला. “काल सकाळपासून लावतोय. शैलाला बोलवा, निवड झालीय. दहा मिनिटांनी परत करतो. ती फोनवर आली नाही, तर जागा पुढच्या मुलीला जाईल.”

“कुनीतरी पाठवतो...”

“तुम्ही स्वतः आहात ना? मग तुम्हीच जा.” आणि फोन बंद.

पाठवायला घरात बायकांखेरीज कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांना त्यांनीच कामाला लावलं होतं. मी एक्स्चेंजच्या दारातून बघितलं ते असं: कोट घातलेले आबासाहेब भर उन्हात वाऱ्याच्या वेगानं बुद्धविहाराच्या गल्लीकडे निघालेले. त्या गल्लीत ते मतं मागायला सोडून कधी गेलेले कुणाला आठवत नव्हतं. माझ्या पायरीवर शैला बसलेली होती. मी तिला हात केला. तिनं आबांना हाक मारली, आबा जागच्या जागी वळले आणि मग दोघंही फोनकडे धावत सुटली. धावण्यात ती पुढे होती.

तिला जागा मिळाली. संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. पेढे आबासाहेबांनीच आणवलेले होते. दुसऱ्या कारणासाठी आणले होते, पण चव तीच.

आबासाहेबांनी मला बोलावून घेतलं. “हाच का तो सरकारी फोन?”

“सरकारी शाळा, जिल्ह्याचं ठिकाण, निवडीची बातमी. आणखी काय पाहिजे?”

ते कोटाची बटणं काढता काढता म्हणाले, “पन उचलला मीच, व्हय का न्हाई?” पुढच्या निवडणुकीत हे वाक्य त्यांच्या प्रत्येक भाषणात होतं. तोपर्यंत त्या दहा मिनिटांची भाषणात पाच मिनिटं झाली होती.

पुढे माझ्या नोकरीत अनेक यंत्रं आली आणि त्यांच्याबरोबर जाडजूड पुस्तकं आली. त्यांत सुविधांची यादी दर वेळी लांबत गेली. माझा अनुभव एवढाच, की यंत्राला हुद्दे कळत नाहीत. त्याला एकच गोष्ट कळते, शेवटी कुणीतरी उचललं की नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला मी एक्स्चेंजला कुलूप लावत होतो, तेवढ्यात लाईन तपासायचा टेस्टचा फोन वाजला. दादासाहेब होते, आवाज दबका.

“साहेब, अन्ना पन फोनपाशी बसूनच हायेत म्हंतात. तो फोन अजून यायचाय का?”

“आता जेवून घ्या,” मी म्हणालो.