देवीचा कडक दांडा

परशुराम भोईराला माजिवड्यात जमीन नव्हती, मिठागर शेठचं होतं, आणि अकलेचं म्हणाल तर त्याबद्दल बायको तुळसा चारचौघांत बोलायची. घराण्याला मान एकच: चैत्रात गावदेवीच्या पालखीचा पुढचा खांदा. आणि गावचा रिवाज असा, की ज्याचा दांडा त्याचा खांदा. परशुरामच्या आज्यानं दिलेला दांडा सत्तावन्न साली वाळवीनं आतून फस्त केला. देवी काही बोलली नाही. बोलला तो मागच्या खांद्याचा गोविंदा केणी.

"सागाचा दांडा मी देतंव. फुडचा खांदा मंग माजा."

परशुरामनं साग कुठला आणायचा? घरात सागाचा पाटसुद्धा नव्हता. पण मिठाची कावड आढ्याला टांगून तो हल्ली गावाबाहेरच्या एका शेडमध्ये कामाला जायचा. तिथं काचेच्या कापडावर परदेशी राळ चोपडून यंत्रांची झाकणं बनवत. राळ वाळली की कापडाचा पत्रा व्हायचा, आणि वाळवीची काय बिशाद त्यात दात रोवायची! त्यानं मिस्त्री मधुकडं उरलीसुरली राळ मागितली.

"कडक की मऊ?" मधुनं विचारलं.

"राल ती राल. तिच्यात जाती कशाला?"

"कडक राळ ओझ्यानं वाकत नाही, पण हिसका बसला की पापडासारखी मोडते. मऊ हिसका पचवते, पण ओझ्याखाली लवते. तुमची पालखी चालते की नाचते?"

परशुरामला त्यातलं 'लवते' एवढंच ऐकू आलं. भोईरांचा दांडा, आणि गोविंदासमोर लवणार?

"कडक दे," तो म्हणाला. "तिच्याहून कडक असंल तं ती दे."

जुन्याच दांड्याला त्यानं काचेच्या कापडाचे वेढे दिले, वर राळ चोपडली. वाळल्यावर दांडा असा झाला: वरून चकचकीत, आत भुसा. गावातल्या बऱ्याच मोठ्या माणसांसारखा.

मग अंगणात दांडा दोन उखळांवर टेकवून त्यानं मधे मिठाच्या गोणी टांगल्या. दांडा तसूभर वाकला नाही. आळीतले लोक येऊन टिचक्या मारून गेले.

"गोन गप रव्हते," तुळसा म्हणाली. "देवी नाचतंय. तिचा काय?"

"बायकांना दांड्यातला काय कलतं?"

"मना खांदा शेकायचा कलतं. मीठ तापत ठेवतंय."

पालखी निघाली. पुढं परशुराम छाती काढून, मागं गोविंदा तोंड पाडून. आळीच्या टोकाला राहणाऱ्या सखुबाईच्या दारापर्यंत सगळं झोकात. तिथं ढोलवाल्यानं चाल बदलली आणि पालखी नाचवायला घेतली. पहिल्या उडीला दांडा जरासुद्धा लवला नाही; सगळा दणका परशुरामच्या खांद्यात शिरला. दुसऱ्या उडीला त्याला आई आठवली. तिसरीला काडकन आवाज झाला आणि पालखी धपकन खाली बसली. देवीचा मुखवटा गडगडत गेला तो सखुबाईनं सुकत घातलेल्या बोंबलांत. सखुबाईनं आधी बोंबील निरखले, मग हात जोडले.

परशुराम खांद्यावर तुटका दांडा घेऊन तसाच उभा. आज्या, बाप, सगळे त्या तुकड्यावरनं खाली घसरताना त्याला दिसत होते.

"पोरांनो, माजा साग आना रं!" गोविंदा ओरडला.

पण तुळसा केव्हाच घराकडं पळाली होती. आढ्याची कावड ओढून काढून, दोऱ्या तोडून, तिनं नुसता बांबू आणून नवऱ्याच्या पुढ्यात टाकला.

"ह्यो घे. हा तरी तुजा हाय ना?"

"मिठाच्या बांबूवर देवी?" गोविंदा फुत्कारला.

"का रं?" सखुबाई बोंबलांतून म्हणाली. "तुजी आमटी अलनी शिजतंय काय?"

सगळी आळी हसली, मुखवटा पुसून पुन्हा पालखीत बसवला आणि बांबू पालखीच्या कड्यांत शिरला. ढोल वाजला. बांबू वाकला, करकरला, उसळला. मिठागराच्या बांधावर वर्षानुवर्षं चाललेली ती चाल. परशुरामचे पाय आपोआप पडू लागले आणि देवी कधी नाचली नव्हती अशी नाचली. बांबू तेवढा आखूड होता. त्यामुळं प्रत्येक उडीला गोविंदाचं नाक पालखीवर आपटायचं.

दुसऱ्या दिवशी सुजलेला खांदा घेऊन परशुराम शेडमध्ये गेला.

"मऊ दे," तो मधुला म्हणाला. "बांबूला चोपडतंव. वालवीचा काय भरोसा नाय."

"आणि उरलेली कडक?"

"गोविंदाला इक. त्याचा साग रिकामाच परलाय."