कमलबेनचा पुठ्ठा

कमलबेन परवा गेली.

तिच्या नातवाच्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय, "साधी टेलिफोन ऑपरेटर होती, पण माणूस चांगली."

हा 'साधी' आणि हा 'पण', दोन्ही मला मान्य नाहीत. म्हणून लिहिते आहे. एरवी फेसबुकवर मी वाढदिवसाच्या शुभेच्छांना उत्तरं देते, तेवढंच.

साठचं दशक संपत आलं होतं. शहाद्याला आमचं कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचं ऑफिस. बाहेरच्या लाइनी दोन, आत फोन सहा, मध्ये लाकडी बोर्ड आणि बोर्डासमोर कमलबेन. सातवी पास.

मी धुळ्याहून बी.ए. होऊन हेडक्लार्क म्हणून आलेली. वय चोवीस. मला सगळं कळत होतं.

तेव्हा परगावी बोलायला ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघायची. ऑर्डिनरीचा दर वेगळा, अर्जंटचा वेगळा. निम्म्या गावांत फोनच नव्हता. तिथला निरोप जवळच्या गावातल्या फोनवाल्या दुकानात द्यायचा, आणि तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती तो पुढे जायचा.

त्यासाठी कमलबेनने एक पुठ्ठा केला होता. कापसाच्या गासड्यांवर मार्का मारायच्या शाईने लिहिलेला. प्रत्येक गावापुढे पहिला रस्ता, म्हणजे निरोप कुठल्या फोनवर सांगायचा ते, तो बंद असेल तर दुसरा, मग तिसरा. स्वस्तातला आधी.

माझा भाचा पुण्यात ऑफिसांना फोन सिस्टिम बसवतो. तो म्हणाला, "मावशी, हे आता मशीन आपोआप करतं. लीस्ट कॉस्ट रूटिंग."

मी विचारलं, "आणि सुतळीचं काय करतं?"

त्याला कळलं नाही. शहाद्याला नवी असताना मलाही कळलं नव्हतं.

पुठ्ठ्याच्या कडेला दाभणाने भोकं पाडलेली. प्रत्येक रस्त्याला एक भोक, भोकात सुतळी, सुतळीला गाठी. कुठे एक, कुठे तीन, कुठे एकही नाही.

मला तो गबाळेपणा वाटला. ती रजेवर असताना मी दरपत्रक घेऊन बसले, नवा तक्ता टाइप केला, काच लावून बोर्डावर टांगला. जुन्या पुठ्ठ्याच्या सुतळ्या कात्रीने कापून, ओढून फेकल्या आणि पुठ्ठा कपाटात टाकला.

ती परत आली. काचेकडे पाहिलं.

"ताई, सुतळ्या कथा गयात?"

"फेकल्या. आता तक्ता आहे ना."

"काही नही," म्हणाली आणि कामाला बसली.

माझ्या तक्त्यात डोंगराकडच्या सगळ्या गावांना पहिला रस्ता एकच. तळोद्याचं एक किराणा दुकान. सर्वांत स्वस्त. साहेब खूश होते.

दीड महिन्याने गासड्या दाबायच्या प्रेसमध्ये जामसिंगचा हात सापडला. डोंगरातल्या मोलगीकडचा, विशीतला मजूर.

डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं काढावी लागतील. उशीर केलात तर पंजा जाईल."

जामसिंग ऐकेना. बाप आल्याशिवाय हाताला हात लावू देणार नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. त्या दुसऱ्या दिवशीच मोलगीचा बाजार होता, बाप तिथे येणार हे नक्की. निरोप तेवढा पोचायला हवा होता.

तळोदा लावलं. दुकानाचे शेठ म्हणाले, "आज कोणी माणूस नही शे." फोन ठेवून दिला.

पुन्हा लावलं. उचललाच नाही.

"याला झालं काय?" मी चिडले.

"ताई, रोज त्यालेच सांगी ऱ्हायनूत आपण. गिऱ्हाइक सोडीसन माणूस शोधस तो. मी दर निरोपले एक गाठ मारस. तीन व्हयन्यात का तो रस्ता बंद. आपण त्यानं काही काम करी दिधं, का गाठ सोडस."

शेठची मुलगी शहाद्यात शिकायला होती. तिची खुशाली कमलबेन तळोद्याला कळवायची, की एक गाठ सुटायची. हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही इचारं का?"

अक्कलकुव्याच्या एका लाकडाच्या वखारीला तिने दोन वर्षांत एकदाही निरोप सांगितला नव्हता. त्या सुतळीला एकही गाठ नव्हती. सुतळी गेली, तरी हे तिला पाठ होतं. तिने तिथे अर्जंट कॉल लावला.

"दादा, मी कमलबेन, शहादानी. कधी काही मांगं नही तुमले. आज मांगस."

पहाटे वखारीचा ट्रक मोलगीला गेला. दिवेलागणीच्या आत बाप दवाखान्यात हजर, सोबत वखारीचा मुकादम.

म्हातारा पोराशी बराच वेळ बोलला. मग मुकादमाला दुभाषा करून डॉक्टरांना एकच विचारलं, "हा हात कुऱ्हाड धरेल का?"

"धरेल."

"मग काढा."

दोन बोटं गेली. हात राहिला. त्याच हाताने जामसिंगने पुढे कित्येक वर्षं आमचं गेट उघडलं.

साहेबांनी मला आणि कमलबेनला बोलावलं. तळोदा स्वस्त असताना अर्जंट कॉल कशाला?

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तळोदानी लाइन खराब व्हती, साहेब."

मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी काच उतरवली. पुठ्ठ्यात नव्या सुतळ्या घातल्या. बरीच भोकं फाटली होती, ती मी स्वतः दाभणाने पुन्हा पाडली. वाकडीतिकडी पडली.

"बी.ए.मा हाई शिकाडतंस नही का, ताई?"

त्या दिवशी ती पोट धरून हसली.

सगळ्यात खाली मी आणखी एक भोक पाडलं. पुढे लिहिलं, कमलबेन. सुतळी घातली आणि एक गाठ मारली. तिने पाहिलं आणि पुढचा कॉल लावायला वळली.

रिटायर झाली त्या दिवशी पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेली.

कमलबेन, तळोद्याची लाइन खराब नव्हती. चूक माझी होती. तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं, ते आज सगळ्यांसमोर लिहिते.

सुखाने जा.

आज दुपारी लोणखेड्याला तिच्या नातवाच्या हाती दिलं ते असं:

पुठ्ठा एक, शाई अजून वाचता येते.
दाभण एक.
सुतळ्या सगळ्या.
शेवटच्या सुतळीला गाठ एक. सोडलेली नाही.